इंटरकूलर लावल्यापासून होज पाईप सारखा सुटतोय? क्लॅम्प राहू द्या, आधी इंजिन किती हलतंय ते बघा

कसारा घाटात दुसऱ्या गिअरला गाडी चढत होती, पुढे टँकर, मागे एसटी, आणि बॉनेटखालून फट्‌ असा आवाज आला, टायर फुटल्यासारखा पण त्याहून दबका, आणि पुढच्या सेकंदाला गाडीतला जीवच गेला. एक्सलरेटर तळाला टेकवला तरी नुसती घरघर, मागे काळ्या धुराचा लोट, एसटीवाल्याने हॉर्न दाबून धरला तो वेगळाच. कशीबशी कडेला घेतली. ही तिसरी वेळ होती. स्क्रूड्रायव्हर, फडकं आणि हातमोजे गाडीतच ठेवायला लागलो होतो इतकी सवय झालेली. बायको म्हणाली, "आता डबा पण बरोबर घेत जाऊया, निम्मा प्रवास रस्त्याच्या कडेलाच होतो आपला."

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, टर्बो कंपनीतूनच, पण इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) नाही. जुन्या छोट्या डिझेलमध्ये हे नवीन नाही. मी हौसेने इंटरकूलर बसवला. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुना कोअर, म्हणजे इंटरकूलरची जाळी, उचलला, वागळे इस्टेटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पाईप बनवून घेतले, निळे सिलिकॉनचे होज लावले, आणि दोन दिवस बॉनेट उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरलो. तिसऱ्या आठवड्यात गायमुखच्या चढावर पहिल्यांदा पाईप उडाला.

आता कोणी म्हणेल एवढा खटाटोप कशासाठी. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं ना, तेच. ठाण्यात मे महिन्यात बाहेर ३५ डिग्री धरा, टर्बोने दाब दुप्पट केला म्हणजे १ बार बूस्ट, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १३० डिग्रीला पोचते. इंटरकूलर बरा असेल तर ती ६५ च्या आसपास खाली येते, आणि त्याच दाबाला त्याच जागेत वीसेक टक्के जास्त हवा मावते (पाईपमध्ये दाब थोडा कमी होतो तो वजा करा). पण डिझेलमध्ये हवा वाढली म्हणून ताकद आपोआप वाढत नाही, डिझेल तेवढंच जातंय. धूर कमी होतो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं, घाटात गाडी जास्त वेळ दम धरते, एवढंच. कोणी नुसता इंटरकूलर लावून गाडी रॉकेट होते सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि निघा.

तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते आधी नक्की करा. पाईप पूर्ण सुटला तर आवाजावरूनच कळतं. अर्धवट सरकला असेल तर सूं सूं असा आवाज येतो जो फक्त एक्सलरेटर दिल्यावर येतो आणि सोडला की थांबतो, पिकअप मेलेला असतो आणि धूर काळा येतो. काळा का, तर एअर फिल्टरजवळच्या सेन्सरने मोजलेली हवा मधेच बाहेर पळते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं ती इंजिनात गेली आणि तो तेवढं डिझेल सोडतो. ओबीडीचा, म्हणजे गाडीतले एरर कोड मोबाईलवर दाखवणारा ब्लूटूथ डोंगल असेल तर पी०२९९ हा कोड दिसू शकतो, म्हणजे बूस्ट कमी पडतोय. त्याहून चांगलं म्हणजे मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, त्याचं लाइव्ह रीडिंग बघा (शेजारी कोणाला तरी बसवून, स्वतः गाडी चालवताना मोबाईलमध्ये डोकं घालू नका). इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा आपल्याकडे ते १०० केपीए (किलोपास्कल, म्हणजे १ बार) च्या आसपास दिसेल, समुद्राच्या पातळीचा तो साधा हवेचा दाब. तिसऱ्या गिअरला चढावर फुल दिल्यावर माझ्या गाडीत ते २०० च्या जवळ जायला हवं होतं, गळती असताना १३० च्या पुढे सरकतच नव्हतं.

पाईप सुटला तर तसाच घरापर्यंत रेटू नका. इंजिनाच्या तोंडापाशी सुटला असेल तर इंजिन बॉनेटखालची धूळ थेट ओढतं, फिल्टर बाजूलाच राहिला. शिवाय टर्बोला समोर कसलाच अडथळा नसतो आणि वेस्टगेट (टर्बोचा वेग आवरणारी झडप) उघडायला लागणारा दाबही तयार होत नाही, त्यामुळे टर्बो मोकाट फिरतो. थांबा, थंड होऊ द्या, पाईप परत चढवा. अगदीच जमलं नाही तर २००० आरपीएमच्या खाली ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत, बस.

आता माझा मूर्खपणा सांगतो, कारण तुम्ही पण ह्याच क्रमाने जाणार आहात. पहिल्यांदा सुटला तेव्हा क्लॅम्प आवळला. साधा पट्टीचा, स्क्रूवाला, आपण गॅसच्या पाईपला लावतो त्याचाच मोठा भाऊ. दुसऱ्यांदा सुटला, मग चांगले टी-बोल्ट क्लॅम्प आणले आणि पाना लावून दात ओठ खाऊन आवळले, इतके की होजवर कडेने चीर पडली. नवीन होज आणला. तिसऱ्यांदा कसारा. प्रत्येक वेळी मिस्त्री एकच सांगायचा, "क्लॅम्प ढिला राहिला असेल साहेब." आणि मी पण मान डोलवायचो कारण डोळ्यांना तेच दिसत होतं ना, सुटलेला पाईप आणि त्यावर लोंबकळणारा क्लॅम्प.

घरी येऊन हिशोब केला. माझा पाईप आतून ५७ मिमी, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ साडेपंचवीस चौरस सेंटीमीटर. १ बार दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहून जरासं जास्त. म्हणजे तो जोड उघडायच्या दिशेने त्यावर साधारण २६ किलोचा जोर पडतोय, सिमेंटची अर्धी गोण समजा. हे काही कमी नाही, पण नीट बसवलेला होज हे सहज सहन करतो, रस्त्यावरच्या लाखो टर्बो गाड्या रोज तेच करतायत. मग माझाच का उडतो?

उत्तर मिळालं ते पार्किंगमध्ये. आमच्या बिल्डिंगमधले एक काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, संध्याकाळी खाली फेऱ्या मारतात. मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेलो बघून थांबले.

"काय रे, परत?"

"हो ना काका. आता डबल क्लॅम्प लावतोय."

"थांब. सुटतो कुठल्या गिअरला?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, बूस्ट फुल असतो तेव्हा.

"बूस्ट नाही विचारला मी. गिअर कुठला?"

आठवून बघितलं तर गायमुखला दुसरा, मुंब्रा बायपासला दुसरा, कसाऱ्याला दुसरा. आणि समृद्धीवर पाचव्या गिअरला चांगला दहा दहा मिनिटं बूस्ट धरून गेलोय, तिथे कधी काही झालेलं नाही. दाब दोन्हीकडे तोच, म्हणजे १ बारच.

"मग दाबाने नाही उडत तो," काका म्हणाले, "इंजिन ओढतंय त्याला. फाउंडेशन बघ."

(फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग, इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबरी आधार, जुन्या मिस्त्री लोकांचा शब्द.)

हे एकदा डोक्यात शिरलं की सगळं जुळतं. आडव्या इंजिनाच्या गाडीत चाकांना जेवढा पीळ जातो तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सला बसतो आणि तो माउंटिंगने पेलायचा असतो. पाचव्याच्या तुलनेत दुसऱ्या गिअरला तो अडीच पटीच्या आसपास जास्त. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत एक्सलरेटर दिला की इंजिनाचं डोकं मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) झुकतं. माझा इंटरकूलर पुढे, बंपरच्या आत, बॉडीला बोल्टने घट्ट. इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) तोंड वर, इंजिनावर. म्हणजे प्रत्येक वेळी मी दुसऱ्याला फुल दिला की इंजिन मागे जाणार, पाईप जागेवर राहणार, आणि मधला तो बिचारा होज थोडा थोडा करत बाहेर सरकणार. पंधरा दिवस रोज एक दोन मिमी, आणि मग एके दिवशी घाटात २६ किलोंनी शेवटचा धक्का दिला की फट्‌. क्लॅम्प आवळल्याने काय होत होतं तर पंधराऐवजी वीस दिवस.

बघायची पद्धत अशी. मोकळी सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा लावलेल्या, भरवशाचा माणूस ड्रायव्हिंग सीटवर आणि त्याचा पाय ब्रेकवर दाबलेला. तो पहिल्या गिअरला क्लच हलकेच सोडत गाडी जागच्या जागी ताणतो, नंतर तेच रिव्हर्सला. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिनाचं डोकं किती हलतं ते बघा. बाजूला म्हणजे बाजूला, गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात उभं राहायचं नाही, पाय घसरला तर माणूस जाईल. आम्ही खडूची खूण करून स्टीलची पट्टी धरली होती. माझं इंजिन पुढे मागे मिळून ३० मिमीच्या आसपास हलत होतं. खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनाचं झुकणं आवरणाऱ्या दांड्याचं) रबर फाटून नुसतं लोखंड लोखंडावर आपटत होतं, आणि ते खट्‌ खट्‌ मी इतके दिवस सस्पेन्शनचं समजत होतो. टॉर्क रॉड आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग बदलल्यावर हालचाल १० मिमीवर आली. शून्य होणार नाही, होऊही नये, नाहीतर इंजिनाची सगळी थरथर सीटमध्ये येईल.

पण उरलेले १० मिमी पण कुणीतरी गिळायला हवेत ना, आणि इथे माझ्या पाईपवाल्याची चूक होती, आणि खरं तर माझी, कारण मीच त्याला "एकदम टाईट बसव" सांगितलेलं. त्याने अ‍ॅल्युमिनियमचा पाईप जोडापासून चार बोटांवर ब्रॅकेट मारून बॉडीला पक्का केला होता आणि मधे सरळ, आखूड, ५० मिमी लांबीचा होज. दोन्हीकडून वीस वीस मिमी चढवला की मधे हलायला राहतं काय? दिसायला मस्त, सरळ रेषेत, शो-कारसारखं. पण हलणारी वस्तू आणि न हलणारी वस्तू ह्यांच्यामधला जोड मऊच पाहिजे. आता तिथे मधे फुगवटा असलेला हंप होज टाकलाय, ८० मिमीचा, दोन्ही बाजूंना ३० मिमी आत आणि मधे २० मिमी मोकळे. ते ब्रॅकेट काढून मागे हलवलं आणि त्यात रबरी बुश घातला. पाईप एक तर इंजिनाबरोबर हलू दे नाहीतर बॉडीबरोबर थांबू दे, दोन्हीकडे बांधलात की तो कुठून तरी सुटणारच.

दुसरी गोष्ट, पाईपच्या टोकाला कॉलर नव्हती. तुमच्या कुठल्याही कंपनी फिटिंगच्या पाईपचं टोक बघा, काठावर गोल उंचवटा असतो, क्लॅम्प त्याच्या मागे बसतो आणि होज सरकायला लागला की त्या उंचवट्याला अडतो. माझं टोक गुळगुळीत, आरशासारखं पॉलिश, वरून साबणाची वडी हातातून निसटावी तसा होज निसटत होता. वागळेमध्येच अरगॉन वेल्डिंगवाल्याकडून टोकाला दीड दोन मिमी उंचीची रिंग मारून घेतली आणि कानशीने घासून गोल केली. धारदार ठेवली तर तीच होजला आतून कापते, त्यामुळे बोट फिरवून बघायचं, खरचटलं नाही पाहिजे. क्लॅम्प रिंगच्या मागे, रिंगवर नाही. हे लिहायची गरज नाही असं वाटत असेल तर सांगतो, माझा तिसऱ्या वेळचा क्लॅम्प बरोब्बर टोकाच्या काठावर बसवलेला होता आणि बसवणारा मीच.

माप पण तपासा. मॅनिफोल्डचं तोंड ४८ चं आणि होज ५१ चा असेल तर क्लॅम्प आवळल्यावर होजला आत चुणी पडते आणि त्या चुणीतून हवा जाते. आवळून माप जुळत नाही, दोन टोकांना दोन मापं असलेला रिड्युसर होज मिळतो तो घ्या. आणि रेडिएटरचा पाण्याचा होज पैसे वाचवायला इथे लावू नका, त्याचं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. साध्या सिलिकॉनमधूनही हळूहळू तेल पाझरतं आणि होज बाहेरून ओशट दिसतो, परवडत असेल तर आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला घ्या.

तेलावरून आठवलं, हा तिसरा आरोपी. टर्बो डिझेलच्या इनटेक पाईपमध्ये तेलाचा हलका थर असतोच, क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) वाफ टर्बोच्या आधी परत सोडलेली असते, त्यातून येतो. त्याने घाबरू नका. पण तोच थर होजच्या आत वंगणाचं काम करतो. म्हणून पाईप परत चढवताना दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे ठणठणीत करायचे, इंजिन थंड असताना. होज चढत नाही म्हणून ग्रीस किंवा ऑइलचं बोट लावायचा मोह होतो, तो आवरा. त्याऐवजी हेअर स्प्रे. हसू नका, ओला असताना होज सरकून चढतो आणि वाळला की चिकटतो. बायकोचा संपवलात तर नवीन आणून द्या, मला आणावा लागला.

पण हलका थर वेगळा आणि साठलेलं तेल वेगळं. मी कोअर खाली उतरवला तर त्यातून अर्धा कप काळं तेल निघालं. काही माझ्या इंजिनाचं असेल, पण बरंचसं कुर्ल्याहून फुकट आलेलं, आधीच्या गाडीचा टर्बो गेला असणार. जुना इंटरकूलर घेताना आधी उलटा धरा, तेल येतंय का बघा, त्यात चकाकणारे धातूचे कण दिसले तर तो कोअर तिथेच ठेवून या, आतल्या नळ्यांमधून ते पूर्ण निघत नाहीत आणि पुढे थेट सिलिंडरमध्ये जातात. माझ्यात कण नव्हते. डिझेलने खळखळून धुतला, मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण, मग दोन दिवस गच्चीवर उन्हात. पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही.

हे साठलेलं तेल नुसतं घाणीचं प्रकरण नाही. डिझेल इंजिन हवेबरोबर आलेलं ऑइलसुद्धा इंधन म्हणून जाळतं, आणि जास्त आलं तर इंजिन स्वतःच्या मर्जीने आरपीएम वाढवत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तसं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन कोंडून बंद करा. बॉनेट उघडून वर वाकून बघायला जाऊ नका.

सगळं बसवल्यावर रस्त्यावर जाऊन तपासण्यापेक्षा घरीच हवा भरून बघा. नळाच्या सामानाच्या दुकानात पीव्हीसीच्या एंड कॅप मिळतात, पाईपच्या मापाच्या दोन आणल्या, एकीला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला. टर्बोकडून निघणारा होज काढून तिथे एक कॅप, मॅनिफोल्डकडच्या होजच्या तोंडाला दुसरी, म्हणजे मधला सगळा इंटरकूलरचा रस्ता बंद. फूटपंपाने ०.७ बार म्हणजे १० पीएसआय भरायचं आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे येतील तिथे गळती. पंक्चरवाला करतो तेच. कंप्रेसरने करू नका, कॅप गोळीसारखी सुटते, आणि पंपाने करतानाही कॅपच्या रेषेत तोंड आणू नका. पूर्ण टर्बोच्या आधीपासून हवा भरायचा उद्योग पण टाळा, ती वाफ आणणाऱ्या ब्रीदरच्या पाईपातून दाब क्रँककेसमध्ये जातो आणि ऑइल सील उगाच कामाला लागतं. मॅनिफोल्डचा जोड स्वतः ह्या टेस्टमध्ये येत नाही, तो बसवल्यावर डोळ्यांनी आणि हाताने बघायचा. माझ्याकडे बुडबुडे भलतीकडेच आले, इंटरकूलरच्या खालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते तिथे. इतके दिवस बूस्ट थोडा कमी वाटायचा त्याचं कारण ते. ती जागा नुसत्या एमसीलने टिकत नाही, मी करून बघितलं, आठवडाभर टिकली. शेवटी दुसरा कोअर घेतला, ह्या वेळी पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा.

एसीबद्दल खूप जण विचारतात म्हणून थोडक्यात. इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या (पुढच्या जाळीच्या) समोर आला की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एसी थोडा कमी पडतो, हे खरंय. मी कोअरच्या दोन्ही बाजूंच्या फटी फोमने बंद केल्या म्हणजे हवा बाजूने पळून न जाता जाळीतूनच जाते, त्याने फरक पडला, पूर्ण नाही. आणि हो, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी नेमकं हेच उकरून काढतात, त्यामुळे काम करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

आता प्रत्येक जोडावर होज जिथे संपतो तिथे पांढऱ्या पेंट मार्करने रेघ मारून ठेवलीय, अर्धी होजवर अर्धी पाईपवर. होज एक मिमी जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते, फट्‌ व्हायची वाट बघावी लागत नाही. गणपतीत गावाला जाताना कसारा दुसऱ्या गिअरला मुद्दाम रेटत चढलो, इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा आधी बॉनेट उघडलं. चारही रेघा जुळलेल्या होत्या. खालच्या एल्बोला (वळणाच्या होजला) जरा ओशटपणा दिसतोय, तो रविवारी पुसून बघतो परत येतो का.